जुन्या सायकलीचा कालनिर्णय व तिच्या नळ्यांची परीक्षा

जुनी पोथी हातीं आली म्हणजे संशोधक प्रथम तिची पुष्पिका पाहतो. पण केवळ तिच्यावर विसंबून राहत नाहीं. पुष्पिकेंतील शक मूळ प्रतीचा असूं शकतो, आणि नकलकारानें तो जसाच्या तसा उतरून घेतलेला असतो. म्हणून कागद, त्यांतील जलचिन्ह, शाई व अक्षरांचें वळण यांचा परस्परांशीं मेळ बसतो कीं नाहीं हें पाहून मगच काळ ठरविला जातो. हाच न्याय जुन्या सायकलीसहि लावला पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे. हस्तलिखितें जमविणाऱ्या कित्येक घरांत पोथ्यांच्या रुमालाशेजारींच आजोबांची सायकल उभी असते. आणि पोथीबाबत जी सावधगिरी ठेवली जाते, ती सायकलीबाबत सहसा ठेवली जात नाहीं.

महाराष्ट्रास हें वाहन परकें राहून फार दिवस झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ इ. स. १८८८ च्या सुमारास बेळगांवीं सायकलींच्या दुकानानें झाला. नॉटिंगहॅमची रॅले कंपनीहि त्याच वर्षीं स्थापन झाली, व डनलॉपची हवेची धाव निघाली तीहि त्याच वर्षीं. पुढें चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यांत शिक्षक, पोस्टमन व जंगलखात्याचे नोकर यांची सोय या वाहनानें केली. येथील रस्ते खडबडीत, आणि मोडलेला भाग मिळेल त्या भागानें बदलण्याचा प्रघात. यामुळें या भागांतील बहुतेक जुनी सायकल ही अनेक हातांनीं लिहिलेल्या पोथीसारखी असते.

याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांत आलें. वैनगंगेच्या पूर्वेस, चामोर्शीकडील एका शिक्षकांच्या घरीं जपलेली सायकल इ. स. १९२५ ची असल्याचें सांगण्यांत येत होतें. आधारहि दाखविण्यांत आला: दप्तरांत जपून ठेवलेली त्या वर्षाची पावती. पावतीवर बी. एस. ए. हें नांव होतें, आणि सायकलीच्या पायडलांवर एकमेकींस टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची, म्हणजे त्याच कंपनीची, खूण होती. सायकल घासून, नवा रंग देऊन तीवर '१९२५' हा आंकडा घालावयाचा, असें घरच्यांनीं ठरविलें होतें. रंग देण्यापूर्वीं आम्हांस ती पाहतां आली हें सुदैव.

पहिला प्रश्न खुणेचा. बर्मिंगहॅमची बी. एस. ए. कंपनी सायकलीच बनवीत असे असें नव्हे. पायडल, हब, क्रँक इत्यादि सुटे भाग ती इतर कारखानदारांस व दुकानदारांसहि विकीत असे. म्हणून तीन बंदुकांची खूण ज्या भागावर असेल त्या भागापुरतीच ती साक्ष देते. सबंध सायकल त्या कंपनीची असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. या सायकलीच्या पुढील नळीवर बगळ्याचा पितळी बिल्ला होता, व त्यावर नॉटिंगहॅमचें नांव होतें. म्हणजे तो रॅले कंपनीचा. पण बिल्लाहि रिव्हेट काढून दुसऱ्या सायकलीस लावतां येतो. म्हणून क्रँकचा आंस ज्या आडव्या नळकांड्यांत फिरतो, त्याचे आटे मोजले. इंग्रजी कारखान्यांचा सर्वसाधारण प्रघात इंचास २४ आट्यांचा. रॅले मात्र आपल्या साध्या सायकलींस २६ आटे पाडी. येथें ते २६ भरले. आटे बदलतां येत नाहींत, म्हणून फ्रेम रॅले पद्धतीची होय, हें निश्चित झालें.

दुसरा प्रश्न क्रमांकाचा. बैठकीच्या सांध्यावर ठोकलेला क्रमांक रंगाच्या थराखालून स्पष्ट झाला. क्रमांक मिळाला कीं वर्ष मिळालें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. रॅलेच्या क्रमांकांची मालिका एकसारखी चढत गेलेली नाहीं. ती पुनःपुन्हा नव्यानें सुरू होई. तेव्हां क्रमांकाचा उपयोग काळ ठरविण्यापेक्षां ओळख पटविण्याकडेच अधिक. तो उपयोग येथें लगेच झाला. पावतीवरील क्रमांक व फ्रेमवरील क्रमांक हे एक नव्हते.

तिसरा पुरावा मागच्या चाकाच्या हबाचा. तो स्टर्मे-आर्चर कंपनीचा तीन वेगांचा असून त्यावर 'ए. डब्ल्यू.' हीं अक्षरें व पुढें ५२ हा आंकडा होता. हा नमुना इ. स. १९३६ त निघाला, आणि या हबावर वर्षाचे शेवटचे दोन आंकडे व महिना ठोकण्याची चाल होती. हबावरील वर्ष म्हणजे कागदांतील जलचिन्हच होय: लेखन त्यानंतरचें असूं शकेल, त्यापूर्वींचें नव्हे. पण हबहि मागाहून बसविलेला असेल, ही शंका उरतेच. गिअरची तार ज्या कप्पीवरून जाते तिची पट्टी सोडविली असतां खालील काळ्या रंगाची चकाकी कायम आढळली. भोंवतालचा रंग मात्र उन्हानें विटलेला होता. म्हणजे फ्रेमचा रंग नवा असतांनाच ती पट्टी बसली होती. हब व फ्रेम आरंभापासून एकत्र होतीं, असें अनुमान यावरून निघतें.

चौथा पुरावा इतिहासाच्या अभ्यासकांस विशेष जवळचा वाटेल. मागच्या मडगार्डावर विक्रेत्याची पत्र्याची लहान पट्टी होती. तीवरील दुकानाचें नांव पुसट झालें होतें, पण 'चांदा, म. प्र.' एवढीं अक्षरें वाचतां येत होतीं. 'म. प्र.' याचा विस्तार मध्यप्रांत असाहि होईल व मध्यप्रदेश असाहि होईल. पहिला धरल्यास पट्टी इ. स. १९५० च्या पूर्वींची ठरते. कारण त्या वर्षाच्या २६ जानेवारीपासून मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतास मध्यप्रदेश हें नांव मिळालें. दुसरा धरल्यास ती १ नोव्हेंबर १९५६ पूर्वींची. त्या दिवशीं विदर्भ मुंबई राज्यांत गेला. हबावरील ५२ या आंकड्याशीं दुसराच विस्तार जुळतो. दुकानांत शिल्लक राहिलेल्या पट्ट्या पुढेंहि कांहीं दिवस वापरल्या जाणें शक्य आहे, म्हणून शेवटची मर्यादा फार काटेकोर धरूं नये. तथापि दोन वेगवेगळ्या भागांवरील, परस्परांशीं संबंध नसलेले दोन पुरावे एकाच काळाकडे बोट दाखवितात, हें महत्त्वाचें. सायकल इ. स. १९५२ ते १९५६ च्या दरम्यान विकली गेली, असा आमचा निर्णय आहे.

राहिला नळ्यांचा प्रश्न. उभ्या नळीवर कोणीं हौसेनें '५३१' असें छापलेला कागद चिकटविला होता. रेनल्ड्स कंपनीनें टोकांस जाड व मध्यें पातळ अशा नळीचें पेटंट इ. स. १८९७ त घेतलें, आणि मँगॅनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची '५३१' ही नळी इ. स. १९३५ त काढली. ती हलकी व मजबूत म्हणून नांवाजली. पण माल वाहणाऱ्या साध्या सायकलींस ती सहसा वापरीत नसत. बाहेरून मोजून भेद कळत नाहीं, कारण दोन्ही प्रकारच्या उभ्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटरच असतो. भेद असतो तो भिंतीच्या जाडींत. म्हणून बैठक काढून नळीचें तोंड आंतून मोजावें. ५३१ च्या टोकांस जाड केलेल्या नळींत बहुधा २७.२ मिलिमीटरचा दांडा बसतो. जाड भिंतीच्या साध्या पोलादी नळींत सुमारें २५.४ मिलिमीटरचा. दांडा न मोजतां नळीच मोजावी, कारण बारीक दांड्याभोंवतीं पत्रा गुंडाळून तो रुंद नळींत बसविण्याची युक्ति सर्वत्र चालते. येथें माप २५.४ भरलें. नळी साधी, कागद खोटा.

घरच्यांस प्रथम वाईट वाटलें, हें स्वाभाविक आहे. पण त्यांची परंपरा खोटी ठरली नाहीं. ती दुसऱ्या सायकलीची ठरली. इ. स. १९२५ ची पावती खरी आहे, आणि त्या सालीं या घरांत बी. एस. ए. सायकल आली होती हें ती सिद्ध करते. ती सायकल आज नाहीं. तिचीं पायडलेंच काढून या सायकलीस लावलीं असतील, तर तिचा तेवढाच अवशेष उरला आहे. दोन सायकलींचा इतिहास एकीच्या अंगावर चढला होता, इतकेंच.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, जुनी सायकल हातीं आल्यास प्रथम रंगास हात लावूं नये. पट्ट्या, बिल्ले, नगरपालिकेचा कर भरल्याचे पत्रे हे जागेवर असतांनाच त्यांची नोंद करावी. प्रत्येक भागावरील खूण त्या भागाचीच मानावी. आणि पावती असल्यास क्रमांक ताडून पाहावा. त्या घरीं रंगकाम थांबलें. पावती आतां सायकलीबरोबर नव्हे, तर वेगळ्या रुमालांत, वेगळ्या नोंदीसह ठेवली आहे.