पिवळ्या फुग्यांचं टेबल

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाणाऱ्याला एक सूचना हमखास मिळते : जुन्या जागा टाळा, जुनी संगत टाळा. पुण्याच्या मुक्तांगणात राहून आलेल्या कुणालाही विचारा, त्याला ती तोंडपाठ असेल. गुत्त्याकडे जाणारा रस्ता बदलता येतो, पिणाऱ्या मित्राचा फोन घ्यायचा टाळता येतो. पण ज्याची नशा गाण्याच्या सोबतीनंच वाढली, त्यानं काय करायचं? ज्या बँडच्या मागे तो गावोगाव हिंडला, ज्याच्या मैफलीत कुणीतरी पहिल्यांदा हातावर गोळी ठेवली, ते गाणंही त्यानं कायमचं सोडायचं?

या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेत गेल्या चाळीस वर्षांत हळूहळू घडत गेलं, आणि त्याची सुरुवात कुणा संगीतकारानं केली नाही. ती श्रोत्यांनी केली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या मैफलींना येणाऱ्या काही व्यसनमुक्त चाहत्यांनी एकमेकांना शोधायला सुरुवात केली. हजारोंच्या गर्दीत, धुरानं भरलेल्या हवेत, नशा न करता उभा असलेला दुसरा माणूस ओळखायचा कसा? त्यांनी पिवळे फुगे आणले. मध्यंतरात जिथे पिवळे फुगे दिसतील तिथे जमायचं, एवढंच ठरलं. ‘डेड’च्याच एका गाण्यातल्या रस्त्यावर आलेल्या दारुड्याची आठवण ठेवून त्यांनी ‘व्हार्फ रॅट्स’ हे नाव घेतलं.

ते टेबल अगदी साधं असतं. फुगे, पिवळे स्टिकर, थोडी पत्रकं. पहिला भाग संपला की बाकीचे लोक बिअरच्या रांगेत उभे राहतात आणि हे पंधरा-वीस मिनिटं गोल करून उभे राहतात. कुणी सांगतो, मी आठ वर्षं सोबर आहे. कुणी सांगतो, आज माझा अकरावा दिवस आहे आणि माझ्या पुढच्या रांगेत सगळे ओढताहेत, मला भीती वाटतेय. कुणी उपदेश करत नाही. ऐकून घेतात, टाळ्या वाजवतात, आणि दुसरा भाग सुरू झाला की त्या अकराव्या दिवसवाल्याला सोबत घेऊन नाचायला जातात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात, इथे तो हिशेब एका मैफलीपुरता असतो. या गटांचं ए.ए. किंवा नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसशी अधिकृत नातं नाही. पण बैठकीची रीत तीच.

मंचावर मात्र वेगळंच चाललं होतं. ‘डेड’चा गायक-गिटारवादक जेरी गार्सिया हेरॉइनच्या विळख्यात होता. १९८५च्या जानेवारीत त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये अटक झाली. १९८६मध्ये मधुमेहामुळे तो कोमात गेला. शुद्धीवर आल्यावर गिटार त्याला जवळजवळ नव्यानं शिकावी लागली. १९९०मध्ये बँडचा कीबोर्डवादक ब्रेंट मिडलँड अमली पदार्थांच्या अतिसेवनानं गेला. आणि ९ ऑगस्ट १९९५ला, वयाच्या ५३व्या वर्षी, गार्सिया कॅलिफोर्नियातल्या एका उपचार केंद्रातच हृदयविकारानं गेला. चाहत्यांना सगळं ठाऊक होतं, पण मंचावरून त्याबद्दल मोकळेपणानं कधी बोललं गेलं नाही. म्हणजे पिवळ्या फुग्यांखालची माणसं ज्याचं गाणं ऐकून तगून राहत होती, तो स्वतः त्यांच्या गोलात कधी येऊ शकला नाही. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते.

पुढची पिढी ‘फिश’ची. १९८३मध्ये व्हरमाँट विद्यापीठात, बर्लिंग्टन गावात हा बँड जमला. लांबलचक, आयत्या वेळी फुलत जाणाऱ्या वादनाची परंपरा त्यांनी पुढे नेली, आणि श्रोत्यांमधली नशाही त्यांच्यामागे आली. त्यांच्याही सोबर चाहत्यांनी टेबल मांडलं, ‘फेलोशिप’ या नावानं. त्याच सुमाराला बँडचा गायक-गिटारवादक ट्रे अ‍ॅनास्टेसिओ स्वतः व्यसनात खोल उतरत होता. २००४च्या ऑगस्टमध्ये बँडनं व्हरमाँटमधल्या कॉव्हेंट्री गावी निरोपाची मैफल ठेवली. पाऊस इतका झाला की मैदानाचा चिखल झाला, गाड्या आत घेणं बंद करावं लागलं, आणि हजारो लोक महामार्गाच्या कडेला गाड्या सोडून मैलोन्‌मैल चालत आले. आणि एवढं चालून त्यांनी ऐकलं ते विस्कटलेलं, जागोजागी अडखळणारं वादन. आपलं व्यसन हेच त्यामागचं कारण होतं, हे अ‍ॅनास्टेसिओनं पुढे आडपडदा न ठेवता सांगितलं.

१५ डिसेंबर २००६. न्यूयॉर्क राज्यातलं व्हाइटहॉल हे छोटं गाव. पहाटेच्या सुमाराला पोलिसांनी अ‍ॅनास्टेसिओची गाडी अडवली. जवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायच्या वेदनाशामक गोळ्या सापडल्या. खटला ड्रग कोर्टाकडे गेला. ही कोर्टं अमेरिकेत १९८९मध्ये मायामीपासून सुरू झाली. बहुतेक ठिकाणी आरोपीनं गुन्हा कबूल करायचा, तुरुंगाऐवजी उपचार घ्यायचे, ठरल्या दिवशी न्यायाधीशासमोर उभं राहायचं, सांगतील तेव्हा लघवीची तपासणी द्यायची, आणि चुकलात तर शिक्षा, असा त्यांचा क्रम. अ‍ॅनास्टेसिओनं हे १४ महिने केलं. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरवणारा माणूस जत्रेच्या मैदानावरची शौचालयं घासत होता, आणि हे आपणहून मुलाखतींत सांगत होता. त्या अटकेनं माझा जीव वाचला, हेही तो पुन्हा पुन्हा सांगत आला.

त्याच्या प्रामाणिकपणाचं मोल मला वाटतं ते इथे. बरेच कलाकार व्यसनाबद्दल बोलतात, पण ते वादळ ओसरल्यावर, विजयाची गोष्ट म्हणून. ती ऐकून अकराव्या दिवसावरचा माणूस आणखी एकटा पडतो. अ‍ॅनास्टेसिओनं मधला कंटाळवाणा भाग सांगितला : हजेरी, तपासणी, झाडू, मीटिंग, पुन्हा मीटिंग. तो भाग ऐकणाऱ्यालाही रोज करायचा असतो. म्हणून तो उपयोगी पडतो.

६ मार्च २००९ला व्हर्जिनियात हॅम्प्टनला ‘फिश’ पुन्हा एकत्र आला. चाहत्यांच्या मनात एक धाकधूक होती, उघड बोलायला कचरावं अशी : नशेशिवाय ते तसंच वाजवू शकतील का? सोबर चाहत्याच्या मनात तोच प्रश्न उलटा असतो : नशेशिवाय मला ते तसंच ऐकू येईल का? या प्रश्नावर भाषणानं उत्तर देता येत नाही. २०१७च्या उन्हाळ्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘फिश’नं १३ रात्री मैफली केल्या आणि एकही गाणं दुसऱ्यांदा वाजवलं नाही. एकूण २३७ गाणी. वाजवणारा तोपर्यंत दहा वर्षं सोबर होता. नशेतच हे संगीत फुलतं, ही समजूत त्या तेरा रात्रींपुढे टिकत नाही. व्यसन सोडताना जे गाणं गमवावं लागेल असं वाटलं होतं, ते या माणसानं आपल्या श्रोत्यांना परत दिलं. चिठ्ठीवर लिहून देता येणाऱ्या कुठल्याही औषधानं हे झालं नसतं.

अर्थात दुसरी बाजूही पाहायला हवी. प्रसिद्ध माणसाला चांगला वकील मिळतो, काम परत मिळतं. साध्या माणसाची नोकरी अटकेच्या दिवशीच जाते. शिवाय कुणाच्या भरवशावर आपली मुक्ती ठेवली आणि तोच घसरला, तर? १९९५मध्ये ‘व्हार्फ रॅट्स’वर ही वेळ आलीच होती. ते तरले, कारण त्यांचं टेबल गार्सियाच्या आधारावर उभं नव्हतं, ते एकमेकांच्या आधारावर उभं होतं. गायकाचा खरेपणा उपचाराची जागा घेत नाही. तो माणसाला उपचाराच्या दारापर्यंत आणतो, आणि पुढे तिथल्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं काम सुरू होतं.

दरम्यान व्हरमाँट स्वतःच पोळत होतं. २०१४च्या जानेवारीत तिथले गव्हर्नर पीटर शमलिन यांनी आपलं वार्षिक भाषण पूर्णपणे अफूजन्य पदार्थांच्या संकटाला दिलं. ज्या राज्यात ‘फिश’ जन्मला, तिथली गावंच्या गावं वेदनाशामक गोळ्यांवरून हेरॉइनवर घसरली होती. मग कोविड आला, मीटिंगा बंद पडल्या, आणि एकटेपणात अनेक जण पुन्हा घसरले. २०२०च्या शरदात अ‍ॅनास्टेसिओनं न्यूयॉर्कच्या रिकाम्या बीकन थिएटरमधून आठ शुक्रवार इंटरनेटवर फुकट मैफली केल्या. ऐकणाऱ्यांनी स्वेच्छेनं दिलेल्या देणग्या १२ लाख डॉलरच्या पुढे गेल्या. ती रक्कम ‘डिव्हायडेड स्काय’ या त्यानं व्यसनमुक्तीसाठी सुरू केलेल्या संस्थेकडे गेली. नाव ‘फिश’च्याच एका रचनेचं. वाजवता वाजवता बँड जिच्यात मध्येच थांबतो आणि सगळं सभागृह त्या शांततेत त्यांच्याबरोबर थांबतं, ती ही रचना.

२०२३मध्ये व्हरमाँटमधल्या लडलो गावी या संस्थेचं निवासी केंद्र उघडलं. ना-नफा, ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या मार्गावर चालणारं, डोंगरातलं. तिथे येण्यासाठी ‘फिश’चं एकही गाणं ऐकलेलं असावं लागत नाही. आणि केंद्राची कार्यक्रम-संचालक म्हणून ज्या बाईंना नेमलं, त्या २००७मध्ये ड्रग कोर्टात अ‍ॅनास्टेसिओच्याच प्रकरणावर देखरेख करायला नेमलेल्या अधिकारी होत्या.