‘माय’ म्हणजे आई नव्हे!

पुण्याहून पौडला जाताना वाटेत कासार आंबोली लागतं. तिथं रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘काय, कुठं निघालात?’’ खरं उत्तर कुणाला हवं असतं? ती आपली विचारपूस! गंमत म्हणजे थायलंडमध्येही ओळखीची माणसं हेच विचारतात, ‘‘पाय नाय?’’ थाय भाषेत ‘पाय’ म्हणजे जाणे आणि ‘नाय’ म्हणजे कुठे. आपल्या पायांचा इथं काही संबंध नाही, बरं का!

थाय प्रश्न आपल्याला सोपे जातात. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की झाला प्रश्न. इंग्रजीसारखी शब्दांची उलटापालट नको. थायमध्ये ‘का’च्या जागी ‘माय’ येतो. ‘अरॉय’ म्हणजे चवदार. ‘‘अरॉय माय?’’ म्हणजे चवदार आहे का? असेल तर नुसतं ‘‘अरॉय’’ म्हणायचं. आपणही ‘येतोस का?’ला ‘येतो’ म्हणतोच की! नसेल तर ‘‘माय अरॉय’’.

थांबा, पुन्हा ‘माय’? हो, पण हा ‘माय’ वेगळा. प्रश्नाचा ‘माय’ चढत्या सुरात म्हणायचा, नकाराचा उतरत्या सुरात. थायमध्ये असे पाच सूर आहेत : मधला, खालचा, वरचा, उतरता आणि चढता. सूर बदलला की शब्दच बदलतो.

आपली फजिती होते ती इथंच. आपण ‘का’ न लावता, नुसता आवाज चढवूनही विचारतो, ‘‘येतोस?’’ थायमध्ये ‘मा’ म्हणजे येणे. तो मधल्या सुरात म्हणतात. प्रश्न म्हणून तुम्ही तो चढवलात तर त्याचा अर्थ होतो कुत्रा! वरच्या सुरात म्हटलात तर घोडा! म्हणून आवाज चढवू नका, शेवटी ‘माय’ जोडा : ‘‘मा माय?’’

‘काय’ला थाय शब्द ‘अराय’. ‘‘नी अराय?’’ म्हणजे ‘हे काय?’ शब्दांचा क्रम अगदी आपलाच.

आणि हो, नम्रपणे विचारायचं तर शेवटी मुलगे ‘ख्रप’ म्हणतात, मुली ‘ख’. मुलींचा ‘ख’ प्रश्नात वरच्या सुरात, उत्तरात उतरता.

मग आज जेवताना घरच्यांना विचारा, ‘‘अरॉय माय?’’ पण स्वयंपाक आईबाबांनी केला असेल, तर उत्तर देताना सूर जपून लावा!