दंगल होण्याआधीची बैठक



जोतिबाच्या डोंगराखाली, पोहाळ्याच्या लेण्यांपासून जवळच असलेल्या एका खेड्यात आम्ही राहतो. सकाळच्या एसटीने कोल्हापूरला कचेरीत जायचे, दिवसभर खतावण्या आणि पावत्या, संध्याकाळी परत. चैत्रात डोंगर गुलालाने न्हातो, सासनकाठ्या नाचत वर जातात, लाखो माणसे येतात नि जातात. एरवी आमचा भाग शांत. निदान आम्ही तसे समजत होतो.

७ जून २०२३ चा दिवस मात्र आम्ही विसरणार नाही. काही पोरांनी मोबाईलवर औरंगजेबाचे स्टेटस ठेवले म्हणून कोल्हापूर बंदची हाक दिली गेली. शिवाजी चौकात जमाव जमला. दगडफेक झाली, दुकाने फुटली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या. इंटरनेट बंद झाले. आम्ही कचेरीचे शटर अर्धे ओढून आत बसलो होतो. शेजारच्या टेबलावरचे आमचे मुसलमान सहकारी डबा न उघडताच बसून राहिले. आम्ही त्यांना "घरी सोडायला येतो" म्हणालो, पण ते वाक्य बोलायला आम्हाला तासभर लागला. का लागला, हे आम्ही आमच्या मनाला अजून विचारतो आहोत.

खरी गोष्ट पुढेच आहे. इंटरनेट सुरू झाल्यावर आमच्याच मुलाने, अकरावीतल्या, आपल्या स्टेटसला एक व्हिडिओ ठेवला. जळणारी दुकाने, आरडाओरडा, आणि खाली 'आता तरी जागे व्हा'. तो व्हिडिओ कोल्हापूरचा नव्हता, त्या दिवसाचाही नव्हता. कुठला होता, ते पोरालाही ठाऊक नव्हते. आला, म्हणून पुढे ढकलला! आमच्या गल्लीच्या टोकाला शिंप्याचे एक मुसलमान घर आहे. १४ एप्रिलला विहारावर लागणारे निळे झेंडे वर्षानुवर्षे त्याच घरातल्या मशीनवर शिवले जातात. त्या घरातल्या वहिनी नळावर आमच्या मंडळींना एवढेच म्हणाल्या, "ताई, तुमच्या पोरानंबी टाकलं व्हय?"

आमच्या मंडळींनी घरी येऊन सांगितले आणि त्या रात्री आमच्या घरात कोणी धड जेवले नाही. घरात बाबासाहेबांची तसबीर, रोज संध्याकाळी वंदना, आम्ही गावोगाव प्रबोधनाची भाषणे करीत हिंडतो, आणि आमच्या उशाशी हे!

आता कोणी म्हणेल, कोल्हापूर तर शाहू महाराजांचे. बरोबर आहे. १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी महाराजांनी बोर्डिंग काढले. १९२० साली याच जिल्ह्यात माणगावला परिषद झाली आणि बाबासाहेबांच्या नेतृत्वावर महाराजांनी भरसभेत विश्वास टाकला. शहरातल्या बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजे एकाच छताखाली बसतात. कुरुंदवाडला तर मशिदीत गणपती बसवतात. पाहुणे आले की आम्ही हे मोठ्या अभिमानाने सांगतो. पण हे सारे असतानाच ७ जून झाला ना? वर्षातून दहा दिवस एकत्र आरती आणि सरबत, आणि उरलेले दिवस एकमेकांच्या उंबऱ्याला पाय नाही, अशी आपली गत झालेली आहे. परंपरेचे नाव घेऊन दगड थांबत नाही.

मग हे काम कुठे कोणी नीट केले आहे काय, म्हणून आम्ही वाचू लागलो, जुन्या कार्यकर्त्यांना विचारू लागलो. पहिले नाव निघाले ते भिवंडीचे.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलुगू पद्मशाली, मराठी कामगार, सारे एकाच खडखडाटात राबणारे. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे मोठी दंगल झाली. न्या. मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा आग लागली, ती आणखी भयानक. भिवंडी म्हटले की दंगल, असे समीकरणच होऊन बसले. १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे गेले. त्यांनी सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दर समितीत हिंदूही, मुसलमानही, आणि त्या भागाचे पोलीस.

यात नवीन काय, असे आम्हालाही वाटले. पोलीस ठाण्याची शांतता समिती आपल्याकडेही असते. पण ती कशी? सण तोंडावर आला की बोलावणे येते. तेच चार पुढारी, तेच दोन मौलाना, आपल्यातलाही एखादा 'नेता' शोभेला. चहा, बिस्किटे, 'आमच्या गावात सलोखा आहे' असे भाषण, आणि वर्तमानपत्रासाठी फोटो. खोपडे यांनी नेमके हेच मोडले. समितीत गल्लीतली साधी माणसे घेतली आणि बैठक नियमित, काही घडलेले नसतानाही. विषय कोणते? रोजचे. भांडणे, तक्रारी, मिरवणुकीचा मार्ग. असे महिनोन् महिने समोरासमोर बसल्यावर गल्लीतल्या शिपायाला माणसांची नावे ठाऊक झाली आणि माणसांना शिपायाचे. मग अफवा आली की विचारायला घर सापडू लागले. अफवेला सर्वात मोठी अडचण ओळखीची होते, कारण अनोळखी माणसाबद्दल काहीही खरे वाटते.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्याच दिवशी आपले लक्षावधी बांधव चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करीत होते. महापरिनिर्वाण दिनाला ही तारीख जोडली गेली याचे शल्य आपल्या समाजाला आजही आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख नाही, ५ इतर. आणि मुंबईला खेटून असलेली, दंगलीचे गाव म्हणून बदनाम झालेली भिवंडी? ती शांत राहिली. खोपडे यांनी पुढे पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे.

दंगलीनंतर मुंबईला जाग आली. १९९४ च्या सुमारास निवृत्त पोलीस अधिकारी जुलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथेही मोहल्ला कमिट्या निघाल्या. वस्तीतल्या तरुणांचे आणि पोलिसांचे क्रिकेटचे सामने त्यांनी भरवले. बातमीत ही नावे मोठी दिसतात, पण काम खाली वस्तीतली माणसेच करतात. धारावीचे भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी आम्हाला फार जवळची वाटली. भाऊ शाळेच्या कचेरीत नोकरी केलेले, म्हणजे आमच्याच जातकुळीचे, कागद नि टाचण्यांवाले! वकारभाई तयार कपड्यांच्या छोट्या धंद्यातले, उत्तर प्रदेशातून आलेले. दंगलीत धारावीचे जे झाले ते दोघांनी पाहिले होते. दोघे मित्र झाले आणि वस्तीच्या शांतता समित्यांत राबले. वेगवेगळ्या धर्मांच्या पोशाखातली मुले एकत्र उभी असलेली भित्तिपत्रके त्यांनी काढली. सलोख्याच्या चित्रफिती लोकांना घेऊन, लोकांसाठी बनवल्या. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ साली या दोघांवर 'नाता' नावाचा माहितीपट काढला. कोणी मिळाला तर विहारात जरूर लावा.

पण आम्ही हिशेब ठेवणारी माणसे, जमेची बाजू सांगून नावेची झाकणे आम्हाला जमत नाही. त्याच भिवंडीत ५ जुलै २००६ रोजी पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तंटा पेटला. गोळीबारात दोन माणसे मेली, आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. अधिकारी बदलतात, जुनी माणसे थकतात, नवी पोरे येतात. एकदा बांधलेली समिती जन्मभर पुरत नाही.

आणि दंगलीत पुढे असतो कोण? दगड मारणारा हात गरिबाचा, जळणारे घर गरिबाचे, आणि नंतर कोर्टाच्या तारखा मोजणारा बापही गरीबच. आपल्या पोरांना 'चला' म्हणून पुढे घालणारे स्वतःच्या पोरांना घरात ठेवतात, हे आपण किती वेळा पाहिले? १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या अतिक्रमणाचा प्रश्न पेटला, तेव्हा गडाच्या वाटेवरच्या गजापूरच्या मुसलमानवाडीत जमाव घुसला. घरे, गाड्या, मशीद फोडली. अतिक्रमण गडावर, आणि प्रपंच मोडला तो खालच्या वाडीतल्या बायाबापड्यांचा! शाहूवाडी तालुका आमच्या पन्हाळ्याला लागून आहे. इथून ते दूर नाही.

गजापूरनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही मुलाला बरोबर घेऊन शिंप्याच्या घरी गेलो. पोरगा मान खाली घालून उभा. मालकांनी त्याला मशीनजवळच्या बाकावर बसवले आणि म्हणाले, "अरं, चुकलं तर चुकलं. फकस्त पुढच्या वेळी टाकायच्या आधी मला इच्यार, मी हितंच असतो." वहिनींनी चहा ठेवला. एक वर्षभर राहून गेलेली भेट दहा मिनिटांत झाली.

त्यानंतर आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी गल्लीत बसू लागलो. नाव नाही, फलक नाही, पदाधिकारी नाहीत. महिला मंडळाच्या भगिनींनी अट घातली की बायकांना निम्मी जागा हवी आणि बैठक भाकरीच्या वेळेला नको. अट योग्यच होती. पहिल्या खेपेला नऊ माणसे आली: विहारातले, शिंप्याच्या घरचे, मराठ्यांच्या आळीतले दोघे, एक धनगर बुवा. गावातल्या एका पुढाऱ्याने विचारले, "काय झालंय काय गावात, बैठका घेताय?" आम्ही सांगितले, काही झालेले नाही.

विषय होता गटाराचा. दीड तास चालला. मिटला नाही, म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा बसायचे ठरले. त्या बैठकीचा निरोप सगळ्यांच्या घरी द्यायचे काम आमच्या मुलाकडे दिले आहे, मोबाईलवरून नव्हे, उंबऱ्यावर जाऊन.