सीडी-४ पेशी घटतात तेव्हा : एचआयव्ही आणि संधिसाधू आजार

एचआयव्हीचा संसर्ग झालेली व्यक्ती अनेक वर्षे निरोगी दिसते. या काळात विषाणू रक्तातील सीडी-४ या पांढऱ्या पेशी हळूहळू नष्ट करीत असतो. जंतू शिरल्याची वर्दी इतर संरक्षक पेशींना देऊन त्यांना कामास लावणे, हे या पेशींचे कार्य. निरोगी प्रौढाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारणतः ५०० ते १५०० असतात. ही संख्या २०० च्या खाली गेल्यास त्या अवस्थेस प्रगत एचआयव्ही आजार म्हणतात.

पुढे उद्भवणाऱ्या आजारांचे जंतू बाहेरून नव्यानेच येतात असे नाही. क्षयरोगाचे जंतू पुष्कळांच्या शरीरात आधीपासून सुप्त असतात. तोंडातील बुरशीही नेहमीचीच. पहारा ढिला पडताच ते संधी साधतात, म्हणून हे ‘संधिसाधू’ आजार. त्यांत क्षयरोग सर्वाधिक घातक असून तो सीडी-४ पेशी पुरेशा असतानाही होऊ शकतो. खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजनातील घट, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास तपासणी करावी. पेशी २०० च्या खाली गेल्यास न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे कोरडा खोकला व चालताना धाप लागते. १०० च्या खाली मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य दाह संभवतो. दिवसेंदिवस न थांबणारी डोकेदुखी व ताप ही त्याची खूण असून, ‘उन्हाने डोके दुखत असेल’ असे म्हणून ती अंगावर काढू नये. ५० च्या खाली, वेदना नसतानाही दृष्टी जाऊ शकते.

शासनाने मोफत एआरटी औषधे १ एप्रिल २००४ पासून सुरू केली; महाराष्ट्रात आरंभ मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाला. त्या काळी पेशी घटेपर्यंत थांबावे लागे. २०१७ पासून मात्र संख्या कितीही असो, निदान होताच उपचार मिळतात. सोबत कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या व क्षयरोग प्रतिबंधक औषधही डॉक्टर देतात.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप येणे वा गाठी सुजणे संभवते. सावरणारी प्रतिकारशक्ती दडलेल्या जंतूंशी झुंजू लागल्याने असे होते. अशा वेळी औषध बाधले असे समजून गोळ्या बंद करू नयेत. त्वरित केंद्रात दाखवावे.

मरोदा, रिसाली व भिलाईतील अनेक मराठी कुटुंबांचे सणावाराला, लग्नकार्याला नागपूर-गोंदियाकडे जाणे होते. परतण्यास विलंब झाला तरी पुरतील इतक्या गोळ्या सोबत घ्याव्यात. कायमचे स्थलांतर करावयाचे असल्यास आपल्या एआरटी केंद्राकडून बदलीपत्र घ्यावे, म्हणजे नव्या गावी उपचारात खंड पडणार नाही.

शेजारपाजारी कळेल या भीतीने चाचणी टाळली जाते आणि रुग्ण खूप उशिरा पोहोचतो. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यान्वये संमतीवाचून चाचणी करता येत नाही, आणि आपली माहिती गोपनीय राखणे बंधनकारक आहे. चाचणी व समुपदेशन सरकारी केंद्रात मोफत मिळते. जवळच्या केंद्राची माहिती १०९७ या निःशुल्क क्रमांकावर विचारावी.