घुमटातली न दिसणारी फट

वर्ध्यात गीताई मंदिराशेजारी फुजी गुरुजींच्या प्रेरणेतून उभा राहिलेला विश्वशांती स्तूप आहे. पांढराशुभ्र घुमट आणि चारी दिशांना बुद्धमूर्ती. दृष्टिहीनांना तो बोटांनी पाहता यावा म्हणून त्याची हातात मावणारी प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर काढायची ठरवली, तर आधी कॅड सॉफ्टवेअरमध्ये त्याचे रूप उभे करावे लागेल. पडद्यावर ते हुबेहूब दिसेल आणि तरीही छपाई फसू शकेल. असे का व्हावे?

संगणकातला वक्र पृष्ठभाग म्हणजे जाडी नसलेली कातडी. रेनो कंपनीतले पिएर बेझिए आणि सित्रोएनमधले पॉल द कास्तेल्झो यांच्या गणितामुळे मोजक्या बिंदूंनी असे वक्र आकार ताब्यात ठेवता येऊ लागले. पण घुमट, जोते आणि कोनाडे एकाच कातडीत बसत नाहीत. तुकडे जोडावे लागतात आणि खरी अडचण त्या सांध्यावर येते. नेहमीच्या वापरातले दोन त्रिघाती तुकडे जिथे छेदतात, त्या वक्राचा घात ३२४ पर्यंत जाऊ शकतो. म्हणून सॉफ्टवेअर त्याच्या जवळून जाणारा सोपा वक्र घेते आणि दोन्ही कडा त्याच्याशी केसभर हुकतात. म्हणजे निष्काळजीपणा नसतानाही फट राहते.

मग घनाकृती ‘वॉटरटाइट’ कशी होते? ठरावीक अंतराच्या, समजा ०.०१ मिलिमीटरच्या, आतल्या कडा एकच मानून शिवल्या जातात. या मर्यादेला टॉलरन्स म्हणतात. त्यानंतर नियम सोपा असतो: प्रत्येक कडेला नेमके दोनच पृष्ठभाग भिडले पाहिजेत. एकच भिडला तर तिथे भोक आहे. घुमट रेखाटताना तळ बंद करायचा हमखास राहून जातो, तो इथे सापडतो.

बंदिस्तपणाचा एवढा आग्रह घनफळासाठी. कोणताही एक बिंदू घेऊन पृष्ठभागाच्या प्रत्येक त्रिकोणापर्यंत सुळका कल्पायचा आणि अधिक-उणे चिन्हांसह सगळ्यांची बेरीज करायची. आकृती बंद असेल तर बिंदू कुठेही घ्या, उत्तर तेच येते. भोक असेल तर बिंदू हलवला की उत्तरही हलते. आत काय आणि बाहेर काय, हेच तेव्हा ठरत नाही. मग प्लास्टिक कुठे भरायचे हे प्रिंटरला कसे कळणार?

टॉलरन्स वाढवला की फटी मिटतात, पण त्याबरोबर मूर्तीच्या चेहऱ्यावरचे बारीक तपशीलही गिळले जातात. म्हणून फट मोठी असेल तर तो तुकडाच नव्याने रचावा. शेवटी बोटांना त्या चेहऱ्याचीच ओळख पटवायची आहे.