कागदाचे ओलाव्यातील बळ : रासायनिक पूरकांची भूमिका आणि मर्यादा

प्रस्तावना
कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे होय. लगद्यातील पाणी निघून जाताना तंतू परस्परांच्या निकट येतात व त्यांच्यात हायड्रोजन बंध निर्माण होतात. कोरड्या कागदाचे बळ प्रामुख्याने या बंधांवर अवलंबून असते. कागद भिजला की पाण्याचे रेणू या बंधांची जागा घेतात, तंतू फुगतात व जाळे सैल होते. त्यामुळे साधा कागद पूर्ण भिजल्यावर त्याच्या कोरड्या बळाचा दहावा हिस्साही सहसा उरत नाही. हे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक राहिल्यास तो ओलाव्यात टिकणारा कागद मानला जातो. खळ दिल्याने पाणी शिरण्याचा वेग कमी होतो. परंतु पाणी शिरल्यानंतर खळ बळ राखत नाही. हा भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे.

पूरकांचे कार्य
युरिया-फॉर्माल्डिहाइड व मेलामाइन-फॉर्माल्डिहाइड ही या क्षेत्रातील आरंभीची रेझिने होत. ती पक्व होण्यासाठी आम्ल माध्यम लागते आणि हेच आम्ल कालांतराने कागद ठिसूळ करते. ही अडचण पॉलिअमाइड-अमाइन-एपिक्लोरोहायड्रिन या रेझिनाने दूर केली. हर्क्युलीस या अमेरिकन कंपनीतील संशोधनातून ते पुढे आले व १९६० साली त्याची पेटंटे मंजूर झाली. हे रेझिन उदासीन वा किंचित अल्कधर्मी माध्यमात कार्य करते. ते धनप्रभारित असल्याने लगद्यातील ऋणप्रभारित तंतूंवर आपोआप स्थिरावते. वाळवणीच्या उष्णतेत त्याचे रेणू परस्परांशी, तसेच तंतूंवरील कार्बोक्झिल गटांशी सहसंयुज बंधांनी जोडले जातात. हे बंध पाण्याने सहजासहजी तुटत नाहीत. पक्वनाची ही क्रिया कागद गुंडाळून ठेवल्यानंतरही काही दिवस चालू राहते.

स्वच्छतागृहातील कागदाला मात्र अल्पकालीन बळ पुरेसे असते. त्यासाठी ग्लायऑक्झलयुक्त पॉलिअॅक्रिलअमाइड वापरतात. त्याचे हेमिअॅसिटल बंध पाण्यात हळूहळू तुटतात व कागद विरघळल्यासारखा विखुरतो.

पर्यावरणीय बाजू
जो गुण वापरात उपकारक, तोच पुनर्वापरात अडसर ठरतो. असा कागद पुन्हा लगद्यात रूपांतरित करण्यासाठी उष्णता, अल्क किंवा ऑक्सिडीकारक द्रव्ये लागतात. एपिक्लोरोहायड्रिनवर आधारित रेझिनांच्या निर्मितीत क्लोरीनयुक्त सेंद्रिय उपपदार्थ तयार होतात. नव्या प्रकारांत त्यांचे प्रमाण बरेच घटविण्यात आले आहे. फॉर्माल्डिहाइड हे तर कर्ककारक म्हणून वर्गीकृत आहे.

भारतात १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या नळ्यांसह एकदाच वापरावयाच्या निवडक वस्तूंवर बंदी आली. त्यांची जागा घेणाऱ्या कागदी नळीस पेयात टिकावे लागते, म्हणजेच अशा पूरकांचा आधार घ्यावा लागतो. त्यामुळे 'कागदी म्हणजे निर्धोक' हे समीकरण तपासूनच स्वीकारले पाहिजे.

समारोप
कायटोसानसारख्या जैविक बहुवारिकांवर संशोधन चालू आहे. तथापि खर्च व परिणामकारकता या दोन्ही कसोट्यांवर प्रचलित रेझिनांची बरोबरी साधणे सोपे नाही. कागद किती काळ भिजून टिकावा, हे वापरानुसार ठरवून तेवढेच बळ देणे, हा तूर्त विवेकाचा मार्ग दिसतो. चलनी नोटेला जे बळ अनिवार्य आहे, ते हात पुसून टाकून द्यावयाच्या कागदास देणे म्हणजे पुनर्वापराची वाट विनाकारण अवघड करणे होय.