आधी शिक्का, मग हकालपट्टी

२८ एप्रिल १९४७ रोजी पोलंडच्या आग्नेय भागातील युक्रेनियन गावांना लष्कराने वेढा घातला. ‘ऑपरेशन व्हिस्टुला’ या नावाने सुमारे १ लाख ४० हजार युक्रेनियन आणि लेम्को लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या भूमीतून उचलून उत्तर-पश्चिमेला विखरून टाकले. निमित्त काय? महिनाभरापूर्वी युक्रेनियन बंडखोरांनी एका पोलिश जनरलला ठार केले होते. शेतकरी, म्हातारेकोतारे, तान्ही मुले, सगळेच ‘बंडखोरांचे आश्रयदाते’ ठरले! पोलंडच्या सिनेटने या कृत्याचा निषेध केला तो १९९० साली.

पेठ म्हणजे पोलंड नव्हे, हे मान्य. इथे रणगाडे येत नाहीत, कागद येतो. डोंगरउतारावर नागली-वरई पिकवणाऱ्या कोकणा, महादेव कोळी, वारली माणसावर वनखात्याने शिक्का मारला ‘अतिक्रमणधारक’. ज्याचा वाघदेव बांधावर उभा आहे, तो अतिक्रमण करणारा! ३ मे २००२ च्या केंद्रीय परिपत्रकाने अशांना हटवण्याचे फर्मान काढले. त्याविरुद्धच्या संघर्षातून २००६ चा वनहक्क कायदा आला. ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या उद्देशिकेतच कबूल केले आहे. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना बाहेर काढण्याचा आदेश दिला. देशभर आक्रोश झाला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्याआधी वर्षभर, मार्च २०१८ मध्ये, हीच माणसे जमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत रक्ताळल्या पायांनी चालत गेली होती.

मुळात हे दावे फेटाळले जातात कसे? वकील म्हणून असे कागद हातात येतात. कारण एका ओळीचे: पुरावा अपुरा. वास्तविक नियमानुसार जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान, शेताचे बांध, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे सारे पुरावेच आहेत. एखादाच विशिष्ट कागद आणा, असा हट्ट समितीला धरता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनुसार नामंजुरीचे कारण दावेदाराला प्रत्यक्ष कळवणे बंधनकारक आहे. आणि कलम ४(५) सांगते की पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हटवता येणार नाही.

तेव्हा बांधवांनो, नामंजुरीचा कागद आला तर अंगठा देण्यापूर्वी त्यावर त्या दिवसाची तारीख घालून घ्या. वरच्या समितीकडे जाण्याची ६० दिवसांची मुदत तिथूनच मोजली जाते.